रफी आमचा कोण होता?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या गावात कुणी गेले की निरोप सगळ्यात आधी आमच्या घरी यायचा. कधी कधी तर नातेवाइकांच्याही आधी. कारण साधे होते. माझे वडील, त्यांना आम्ही आण्णा म्हणायचो, लाऊडस्पीकर भाड्याने देत. गावात कुठे बारसे, कुठे सत्यनारायण, कुठे लग्न, म्हणजे आण्णांचा कर्णा कुठे ना कुठे वाजत असायचाच. मग एखादा पोरगा धावत यायचा आणि म्हणायचा, ‘‘आण्णा, स्पीकर बंद करा, खालच्या आळीतलं म्हातारं गेलं.’’ आण्णा हातातला चहा खाली ठेवून आधी रेकॉर्डवरची सुई उचलायचे. गावाला बातमी कळायची ती त्या शांततेवरून. गाणे मध्येच तुटले की बायका चुलीपुढून उठून दारात यायच्या आणि एकमेकींना विचारायच्या, ‘‘कोण गेलं गं?’’

म्हणजे आमच्याकडे दुखवटा म्हणजे गाणे बंद. ही रीत लहान पोरांनाही ठाऊक होती. पण श्रोतेहो, गाणाराच गेला तर काय करायचे? त्याच्या मानासाठी गाणे थांबवायचे, की त्याच्या आठवणीसाठी वाजवायचे? १ ऑगस्ट १९८० रोजी सकाळी हा प्रश्न आण्णांच्या दारात येऊन उभा राहिला. आदल्या रात्री मुंबईत महंमद रफी गेले होते. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. पुढे तीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला, लढाया आणि तह यांच्या सनावळ्या पोरांकडून पाठ करून घेतल्या. पण त्या दिवशी आमच्या दारात जे घडले, ते कोणत्या धड्यात बसवायचे हे मला पुष्कळ वर्षे समजले नाही.

आमचे गाव सारोळे. भोर तालुक्यातले, पण हमरस्त्यावरचे. पुण्याहून साताऱ्याकडे निघालात की नीरा नदीच्या पुलाच्या अलीकडे ते लागते. पूल ओलांडला की सातारा जिल्हा सुरू. कोल्हापूर, बेळगाव, पार बंगलोरकडे जाणारे ट्रक दारावरून जायचे, त्यामुळे बातमी आणि गाणे या दोन्ही गोष्टी आमच्याकडे आडगावांपेक्षा लवकर पोहोचायच्या. 

आण्णांची दौलत ती केवढी! आहुजाचा एक अॅम्प्लिफायर, दोन कर्णे, मोटारीची एक बॅटरी, एक रेकॉर्ड प्लेअर आणि पत्र्याच्या ट्रंकेत जुन्या धोतराच्या फडक्यांत गुंडाळून ठेवलेल्या रेकॉर्डी. लग्नाचे काम असले की क्रम ठरलेला. पहाटे बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई, मग भक्तिगीते, हळदीला लावण्या आणि कोळीगीते. नवरदेव मारुतीच्या देवळातून निघाला की ‘सूरज’ या १९६६ सालच्या चित्रपटातले रफीचे गाणे. ते लागल्याशिवाय वरात हलत नसे. आणि संध्याकाळी नवरीची पाठवणी झाली की ‘नीलकमल’मधले, तेही रफीचेच. ते लागले की नवरीचा बाप, इतका वेळ पंगतीत वाढप्यांवर ओरडणारा गडी, मांडवाच्या खांबाला धरून ढसाढसा रडायचा. नवरदेव येताना रफी आणि नवरी जाताना रफी. हिंदी न समजणाऱ्या आमच्या आजीलासुद्धा ही दोन गाणी कुठे वाजतात हे पक्के माहीत होते.

हे जरा विस्ताराने सांगतो आहे, कारण इथेच माझा मुद्दा आहे. एखादा कलावंत गेला आणि लोक हळहळले की शहाणी माणसे विचारतात, ‘‘तो तुमचा कोण होता? तुम्ही त्याला कधी पाहिले तरी होते का?’’ प्रश्न बिनतोड वाटतो. सारोळ्यातल्या एकाही माणसाने रफींना डोळ्यांनी पाहिले नव्हते. पण गावातल्या एकूण एक घरातून मुलगी सासरी जाताना तो आवाज दारात उभा होता. त्या घरांचे लांबचे मामे-चुलतेसुद्धा दरवेळी हजर नव्हते.

हा संबंध तसा नवा आहे. आमच्या आजोबांच्या पिढीचे दैवत म्हणजे बालगंधर्व. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात ते गेले तेव्हा वय झाले होते, आवाज थकला होता, कंपनीचे वैभव कधीच संपले होते. त्यांच्या चाहत्यांचे दुःख असे की त्यांनी रंगभूमीवर ऐकलेला तो आवाज माणसाच्या आधीच निघून गेला होता. तबकड्या होत्या, पण तीन मिनिटांच्या तबकडीत रात्रभर रंगणारे नाटक कसे मावणार? पुण्यात त्यांच्या नावाचे रंगमंदिर उघडले ते २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या जन्मदिवशी. त्याची पायाभरणी त्यांच्याच हस्ते झालेली, पण ते उभे राहिलेले पाहायला ते नव्हते.

कुंदनलाल सैगल यांची गोष्ट वेगळी. १८ जानेवारी १९४७ रोजी जालंधरला बेचाळिसाव्या वर्षी ते गेले. त्यांचा आवाज होता तो मुळी मायक्रोफोनसाठी, तबकडीसाठी. माणूस गेला आणि आवाज जसाच्या तसा मागे राहिला. पुढे रेडिओ सिलोनने एक रीत पाडली. सकाळच्या जुन्या चित्रपटगीतांच्या कार्यक्रमात आठच्या ठोक्याआधीचे शेवटचे गाणे सैगलचे. रोज. वर्षानुवर्षे. घराघरांत त्या गाण्यावर घड्याळे लावली जायची, दप्तरे भरली जायची. वर्षश्राद्ध वर्षातून एकदा असते, हे रोजचे होते आणि त्यात कुणी रडत नव्हते. दुखवटा असाही असू शकतो, हे आपल्या लोकांना रेडिओने शिकवले.

त्यातही एक गंमत आहे. १९५२ मध्ये आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. नभोवाणी मंत्री होते आपले मराठीच, बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. शास्त्रीय संगीताचे मोठे कैवारी. त्यांचा हेतू चांगला असेल, पण श्रोत्यांनी सुई सरळ सिलोनकडे फिरवली. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरात विविध भारती सुरू झाली आणि चित्रपटगीत आपल्या घरी परत आले. राष्ट्रीय दुखवटा असला की मात्र आकाशवाणीचाही कायदा आण्णांसारखाच. करमणुकीचे कार्यक्रम बंद, भजने आणि गंभीर वाद्यसंगीत सुरू. अवेळी सारंगी ऐकू आली की माणसे हातातले काम थांबवून विचारायची, कोण गेले?

आणि रफींचे नाव देशाच्या घराघरांत पोहोचले ते अशाच एका दुखवट्याच्या गाण्याने. अमृतसरजवळच्या कोटला सुलतानसिंग गावात २४ डिसेंबर १९२४ रोजी जन्मलेला हा मुलगा लाहोरमार्गे १९४४ मध्ये मुंबईत आला. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर राजेंद्रकृष्ण यांनी बापूंची जीवनकथा सांगणारे एक लांबलचक गीत लिहिले, हुस्नलाल-भगतराम यांनी चाल दिली आणि तेवीस वर्षांच्या रफींनी ते गायले. तबकडीच्या एका बाजूत मावणारे ते गाणे नव्हतेच. पंडित नेहरूंनी त्यांना घरी बोलावून ते ऐकले आणि त्याच वर्षी स्वातंत्र्यदिनी रौप्यपदक दिले. सारा देश सुतकात असताना एक गाणे वाजत होते आणि ते कुणालाही खटकले नाही. आण्णांकडे ती रेकॉर्ड होती. ती ते फक्त गांधी जयंतीला आणि ३० जानेवारीला लावत. ‘‘ही मयताची रेकॉर्ड आहे,’’ असे म्हणून त्यांनी ती ट्रंकेत वेगळी ठेवली होती.

आता त्या दिवसाकडे वळतो.

३१ जुलै १९८० च्या रात्री साडेदहाच्या सुमारास मुंबईत हृदयविकाराच्या झटक्याने रफी गेले. वय अवघे पंचावन्न. त्याच सुमारास लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडे ‘आसपास’ या चित्रपटाचे गाणे त्यांनी ध्वनिमुद्रित केले होते. ते त्यांचे शेवटचे ठरले. मधल्या काळात, १९६९ च्या ‘आराधना’नंतर, किशोरकुमारांची लाट आली होती आणि रफी मागे पडले अशी बोलवा होती. आमच्या गावातही पारावर दोन तट होते. पण १९७७ च्या ‘हम किसीसे कम नहीं’मधल्या गाण्याने त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पारड्याचा काटा पुन्हा सरळ झाला. ते गेले त्या वर्षी ‘कर्ज’ची गाणी गाजत होती. म्हणजे ओसरलेला नव्हे, वाजत असलेला आवाज थांबला.

दुसरा दिवस शुक्रवार, आणि महिना रमजानचा. मुंबईत पाऊस कोसळत होता. त्या पावसात वांद्र्याहून जुहूच्या दफनभूमीकडे हजारो माणसे चालत गेली. मुंबईने पाहिलेल्या मोठ्या अंत्ययात्रांत तिची गणना होते.

सारोळ्यात बातमी सकाळी रेडिओवर कळली. तासाभरात पुण्याचे पेपर घेऊन एस. टी. आली. हॉटेलपाशी ट्रक थांबलेले, ड्रायव्हर चहाचे ग्लास हातात धरून उभे. त्यातले दोघे-तिघे आण्णांना ओळखत. ते आमच्या दाराशी आले आणि म्हणाले, ‘‘आण्णा, आज दिवसभर रफीची लावा. कर्णा रस्त्याकडं करा.’’

आण्णा गप्प राहिले. कारण शेजारच्या घरात सुतक होते.

शेजारच्या काकींचा थोरला मुलगा मुंबईला गिरणीत कामाला होता. मी त्याला भाऊ म्हणायचो. जुलैच्या सुरुवातीला तो काविळीने आजारी होऊन गावी आला आणि मंगळवारी, २९ तारखेला, गेला. वय सत्तावीस-अठ्ठावीस. आण्णांच्या ट्रंकेतल्या निम्म्या रेकॉर्डी त्याने आणलेल्या होत्या. दर दिवाळीला आणि जत्रेला गावी येताना तो चोरबाजारात फिरून जुन्या रेकॉर्डी स्वस्तात घ्यायचा, कपड्यांच्या घडीत घालून जपून आणायचा आणि आण्णांपुढे ठेवून म्हणायचा, ‘‘लावून बघा, सुई उडती का?’’ रफीचा तो इतका भक्त, की गिरणीच्या दारात त्याला पोरे रफी म्हणूनच हाका मारत. तो गेला त्याच्या दोन दिवसांनी रफी गेले. ती बातमी त्याला कळली नाही.

आण्णा ड्रायव्हरांना एवढेच म्हणाले, ‘‘न्हाई बाबा, दाराम्होरं सुतक हाय.’’

दोघांना ते पटले. तिसरा बाहेरगावचा होता. तो जाता जाता तोंडातल्या तोंडात पण सगळ्यांना ऐकू जाईल असे पुटपुटला, ‘‘आपल्यातला असता तर लावली असती.’’ आण्णांचा चेहरा एकदम पडला. जन्मभर ज्या माणसाच्या गाण्यावर घर चालवले त्याच्याबद्दल असे ऐकून घ्यायची वेळ आली होती, आणि कारण उलगडून सांगायचे तर शेजारच्या घरात आवाज जाणार. ते तसेच आत आले आणि ट्रंकेवर बसून राहिले.

दुपारी नमाज पढून गावातले एक चाचा आले. ते रोजे धरायचे, आणि उरसाला आण्णांचा स्पीकर तेच ठरवायचे. त्यांच्या कानावर सगळे गेलेले होते. ते ओट्यावर बसले आणि म्हणाले, ‘‘तुम्ही ब्येस केलं. आमच्यातबी मयताच्या घरी वाजवत न्हाईत. रफीसाहेब असते तर त्यांनीच म्हणलं असतं, बंद ठेवा.’’ मग दोघेही बराच वेळ काही न बोलता बसले. पाऊस पडत होता. रस्त्यावरच्या एका ट्रकमध्ये रेडिओ चालू होता. त्यावर काय लागले होते ते आमच्या दारापर्यंत नीट ऐकू येत नव्हते.

त्या दिवशी अख्ख्या महाराष्ट्रात जिथे जिथे स्पीकर होता तिथे रफी वाजला असेल. सारोळ्यात वाजला नाही. आमच्या दारात बारा दिवस सुई रेकॉर्डला लागली नाही.

गायकाच्या मरणाने माणसे अशी हलतात हे काही आपल्याच देशाचे वैशिष्ट्य नाही. फेब्रुवारी १९७५ मध्ये कैरोत उम्म कुलसूम ही इजिप्तची थोर गायिका गेली तेव्हा लाखो लोक रस्त्यावर आले. वाहणाऱ्यांच्या हातून लोकांनी तिची शवपेटी स्वतःच्या खांद्यांवर घेतली आणि ठरलेला मार्ग सोडून आपल्याला हव्या त्या वाटेने नेली. सरकारी इतमाम बाजूला राहिला. लोकांचे म्हणणे एवढेच होते की ही आमची आहे.

जमैकाचे उदाहरण तर मला आण्णांच्या धंद्यामुळे जवळचे वाटते. जमैका आपल्याला ठाऊक ती क्रिकेटमुळे. १९७१ मध्ये आपल्या दिलीप सरदेसाईंनी द्विशतक ठोकले ते तिथल्या किंग्स्टनच्या सबीना पार्कवर. त्याच किंग्स्टनच्या गरीब वस्त्यांत १९५० नंतर आण्णांसारखीच माणसे होती. कपाटाएवढे स्पीकर, अॅम्प्लिफायर आणि रेकॉर्डी घेऊन ती गल्लीत गाणी लावत आणि वस्ती नाचे. ज्यांना घरी रेडिओ परवडत नाही त्यांचे संगीत ते हेच. या स्पीकरवाल्यांपैकी काही जण पुढे स्वतःच गाणी ध्वनिमुद्रित करू लागले आणि त्यातून तिथले नवे संगीत जन्माला आले. १९६६ च्या सुमारास जलद ठेक्याचे ‘स्का’ संगीत जरा संथ झाले, गायकाच्या गळ्याला जागा मिळाली, प्रेमाची आणि विरहाची गाणी आली. त्याला ‘रॉकस्टेडी’ म्हणतात. आल्टन एलिस हा त्याचा लाडका गायक. त्याच्याच एका गाण्यावरून त्या प्रकाराला ते नाव मिळाले असे मानतात. दोन-तीन वर्षांत त्याची जागा ‘रेगे’ने घेतली. एलिस पुढे लंडनला स्थायिक झाला आणि १० ऑक्टोबर २००८ रोजी तिथेच गेला. जगाच्या दृष्टीने दोन-तीन वर्षांची ती एक लाट. पण ज्यांचे तारुण्य त्या दोन-तीन वर्षांत गेले त्यांच्यासाठी त्याचा आवाज म्हणजे त्यांची गल्ली, त्यांचे पहिले प्रेम, परदेशी गेलेला भाऊ. त्यांना कुणी ‘तो तुमचा कोण?’ विचारले तर ते काय सांगतील? मला वाटते, आण्णांना उत्तर सापडले तसेच काहीसे.

ते सापडले काकींमुळे.

भाऊचा तेरावा झाला. श्रावण लागला. एके दिवशी दुपारी काकी आमच्या दारात आल्या. सुतकात त्या घराबाहेर पडल्या नव्हत्या. उंबऱ्यावर बसल्या आणि आण्णांना म्हणाल्या, ‘‘भाऊजी, त्यो गाणारा बी गेला म्हनं. माज्या लेकानं तुमास्नी दिल्याली ती मराठी रेकॉड हाय न्हवं? ती लावा. लई म्होट्यानं नगा.’’

आण्णांनी कर्णा जोडला नाही. घरातल्या लाकडी खोक्यातला छोटा स्पीकर जोडला. ट्रंकेतून रेकॉर्ड काढली, फडक्याने पुसली. ‘शोधिसी मानवा’.

या गाण्यामागचा इतिहास सांगण्याजोगा आहे. रफींकडून इतकी सुरेख मराठी गाणी गाऊन घेतली ती संगीतकार श्रीकांत ठाकरे यांनी. प्रबोधनकारांचे हे चिरंजीव, बाळासाहेबांचे धाकटे बंधू. व्हायोलिन वाजवत, व्यंगचित्रे काढत, १९६० मध्ये सुरू झालेल्या ‘मार्मिक’च्या उभारणीत त्यांचा वाटा होता. त्यांना उर्दू उत्तम येई. मराठी शब्द ते रफींना उर्दू लिपीत लिहून देत. रफींना ‘ळ’ उच्चारणे जड जाई, म्हणून शब्दांची निवड करताना त्याचीही काळजी घेतली जाई, असे सांगतात. वंदना विटणकर यांच्या शब्दांतले ‘शोधिसी मानवा’ आणि उमाकांत काणेकर यांचे ‘हा छंद जिवाला’ ही त्यातली विशेष लोकप्रिय. आता विचार करा. पंजाबी मातृभाषेचा, पाच वेळा नमाज पढणारा गायक. त्याच्यासाठी उर्दू लिपीत मराठी गीत लिहून देणारा ठाकरे घराण्यातला संगीतकार. आणि देव देवळात नाही, माणसाच्या अंतरी आहे, असे सांगणारे ते गाणे. ते आमच्या मारुतीच्या देवळावरच्या कर्ण्यातून कितीतरी वेळा वाजले होते आणि कधी कुणाच्या मनात शंका आली नव्हती. त्या ड्रायव्हरचे बोलणे आण्णांना एवढे का लागले, ते मला पुढे हे गाणे ऐकताना कळले.

रेकॉर्ड वाजली. काकी खाली मान घालून ऐकत होत्या. गाणे संपेपर्यंत त्या रडल्या नाहीत. संपल्यावर मात्र अशा रडल्या, की आई चुलीवरचे तवा-परात तशीच टाकून बाहेर आली. आणि तेव्हा मी आण्णांना रडताना पाहिले. आयुष्यात पहिल्यांदा. ते रफींसाठी रडत होते की भाऊसाठी? मी बारा वर्षांचा होतो, मला समजले नाही. आता वाटते, त्यांनाही सांगता आले नसते.

मला कळलेली गोष्ट एवढीच. गायकाच्या दुखवट्यात प्रत्येक जण आपापले एक माणूस रडून घेतो. आपल्या माणसासाठी रडायला रीतिरिवाज आहेत, दिवस मोजलेले आहेत, तेराव्यानंतर डोळे पुसून कामाला लागायचे असते. पुरुषांनी तर तेवढेही रडायचे नसते. पण एखादा आवाज गेला म्हणजे त्याच्याबरोबर त्या आवाजात ठेवलेली सगळी माणसे वर येतात. सासरी गेलेली बहीण, मुंबईला गेलेला भाऊ, मांडवाच्या खांबाला धरून रडलेला बाप. जुहूच्या पावसात चाललेल्या त्या हजारोंमध्ये किती जण केवळ रफींसाठी चालत होते आणि किती जण आपल्या माणसासाठी, हे कोण सांगणार? म्हणून ते दुःख खोटे ठरत नाही. उलट मला ते अधिक खरे वाटते.

इतिहासाचा शिक्षक म्हणून माझी अडचण अशी, की याचा कागद कुठे सापडत नाही. अंत्ययात्रेला किती लोक होते याचे अंदाज मिळतात. रफींनी किती गाणी गायली याचे आकडेही मिळतात आणि तिथे चाहत्यांचे प्रेम हिशेबाच्या पुढे धावते. पंचवीस-सव्वीस हजार गाणी असे कितीतरी वर्षे सांगितले जात होते. नीट मोजणाऱ्यांची बेरीज पाच हजारांच्या आसपास येते. पाच हजार काय कमी आहेत? पण प्रेमाला वाटते, आपल्या माणसाचे सगळे मोठेच असावे. घरातला म्हातारा गेल्यावर आपणही त्याच्या दहा एकरांचे वीस एकर करतोच की!

रफींची कबर जुहूच्या दफनभूमीत होती. तिथे जागा अपुरी, नवी दफने होतच असतात. २०१० मध्ये इतर काही नामवंतांच्या कबरींबरोबर रफींचीही कबर हटवली गेली. मधुबालेचीही त्यात होती. पुष्कळांना वाईट वाटले. पण चाहते जायचे थांबले नाहीत. जवळच्या एका नारळाच्या झाडाची खूण धरून ते तिथे उभे राहतात. इकडे दर ३१ जुलैला गावोगावी, शहरोशहरी त्यांच्या गाण्यांचे कार्यक्रम होतात. रफींच्या नंतर जन्मलेली मुले त्यात गातात. २४ डिसेंबर २०२४ रोजी त्यांच्या जन्माला शंभर वर्षे झाली, तेव्हाही ठिकठिकाणी ती वाजली. दगड गेला, पण सैगलसाठी रेडिओ सिलोनने पाडलेली रीत चालू आहे.

आण्णा २००३ मध्ये गेले. शेवटची काही वर्षे त्यांना काम नव्हते. आधी कॅसेट आली, मग सीडी, मग ट्रॅक्टरवरच्या भिंतीएवढ्या स्पीकरपुढे त्यांच्या कर्ण्याला कोण विचारणार? ट्रंक मी सांभाळून ठेवली आहे.

जन्मशताब्दीच्या वेळी गावातली काही तरुण मुले माझ्याकडे आली. त्यांना जुन्या रेकॉर्डींचे छोटे प्रदर्शन मांडायचे होते. मी ट्रंक उघडली. बापूंची रेकॉर्ड होती, ‘सूरज’ होती, ‘नीलकमल’ होती. ‘शोधिसी मानवा’ नव्हती. मग आठवले. त्या श्रावणातल्या दुपारी काकी उठताना म्हणाल्या होत्या, ‘‘भाऊजी, ही मला ऱ्हाऊ द्या.’’ त्यांच्या घरी रेकॉर्ड प्लेअर नव्हता. पुढेही कधी आला नाही. आण्णांनी ती फडक्यात गुंडाळून त्यांच्या हातात दिली होती.

काकी आता नाहीत. मी शेजारी गेलो, सूनबाईंना विचारले. त्यांनी भिंतीवरच्या भाऊच्या फोटोकडे बोट दाखवले. फोटोच्या चौकटीमागे, भिंत आणि फोटो यांच्यामध्ये, फडक्यात गुंडाळलेली ती रेकॉर्ड होती. ‘‘सासूबाईंनी सांगून ठेवलंय, हलवायची न्हाई. दिवाळीला फोटो पुसताना तेवढी काढतो आन् परत ठेवतो,’’ सूनबाई म्हणाल्या. ‘‘पायजे का तुमास्नी?’’

मी नको म्हणालो. मुलांना सांगितले, एक रेकॉर्ड कमी आहे, तिची जागा रिकामी ठेवा.